कपाळापाशी अडतं

४ फेब्रुवारी

पोरी,

त्या सकाळी बाहेर ऊन नव्हतं म्हणून मी धुतलेल्या चादरी मागच्या खोलीत नेल्या आणि सरळ ह्यांच्या वजन उचलायच्या बारवर वाळत टाकल्या. एक बारवर, एक बाकड्यावर, उशांचे अभ्रे रॅकच्या खुंट्यांवर. दूध तापत ठेवलं होतं, अर्धं लक्ष तिकडे. दूध बघून परत आले तर हे माझा लांब दांड्याचा झाडू घेऊन खोलीत उभे. झाडू दोन्ही हातांत आडवा धरून डोक्यावर ताणलेला, आणि गुडघे वाकवलेले. एवढा ताडमाड माणूस उगाच बुटका होऊन वर बघतोय. मी म्हटलं, "खेळ चाललाय का? द्या इकडे झाडू, केर काढायचाय." त्यांनी दिला. मग चादरीकडे बघून म्हणाले, "ओल्या कपड्यांनी बार गंजतो, किती वेळा सांगायचं?" मी म्हटलं, "माणूस गंजला तरी चालेल, बार गंजायला नको." तोवर दूध उतू गेलंच.

ही सकाळ तुला मुद्दाम सांगत नाहीये. पत्राला सुरुवात कुठून करावी कळेना, ती आठवली, लिहिली. तू घर सोडलंस त्यानंतरच्या पावसाळ्यातली आहे. त्याच पावसाळ्यात हे गेले.

ते गेल्यावर महिनाभराने मी असाच ओला टॉवेल बारवर टाकला. ओरडायला कोणी आलं नाही. मी वेड्यासारखी वाट बघत उभी राहिले. मग टॉवेल काढला, बार कोरडा पुसला, आणि पुसता पुसता उचलला. रिकामाच. तेव्हापासून उचलतेय. तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. आठवड्यातून तीनदा, कामावरून आल्यावर, तुम्ही सगळे करायचात तोच प्रेस. बार खांद्यावर घ्यायचा आणि डोक्यावर न्यायचा. पायांचा झोका नाही, उडी नाही. लॉन्ड्रीत ओल्या चादरींची बोचकी उचलून माझे खांदे तसे तयारच होते. मुकादम म्हणाला, "बाई, प्रेस इथे दिवसभर काय कमी असते, की घरी जाऊन आणखी करता?" त्याला इस्त्रीपलीकडे काही ठाऊक नाही.

साडेबत्तीस किलो जातं. पस्तीस जात नाही. गेल्या उन्हाळ्यापासून जात नाही. खांद्यावरून सुटतो, हनुवटी ओलांडतो, नाक ओलांडतो आणि कपाळापाशी येऊन बार थांबतो. कोणी वरून हात ठेवल्यासारखा. मग बार खाली येतो.

फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र. मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, तू घरी यावंस. ती तू देणार नाहीस, ठाऊक आहे. दुसरी, कपाळापाशी का अडतं ते सांग. तुझं साडेबावन्न तिथेच अडलं होतं. तीनदा. आणि हे भर स्पर्धेत, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ताकद आहे हो हिच्यात, मन कच्चं आहे." तू बॅग उचललीस आणि तिथूनच गेलीस. ह्यांना शेवटचं बघायला आलीस तीही फाटकापर्यंत.

मला बघायचंय, मन कच्चं असतं म्हणजे काय असतं. कारण माझं कच्चं नाही. नवरा गेला, मुलगी बोलत नाही, आणि मी एकाही दिवशी कामाची पाळी चुकवलेली नाही. मग माझं तिथेच का अडतं?

उत्तर दे. शिव्या घातल्यास तरी चालेल.

आई


२१ फेब्रुवारी

पोरी,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी. "कोपरं बारच्या किंचित पुढे ठेव. पाठ मागे वाकवू नकोस. आणि हे बंद कर, तुझं वय झालंय."

पहिल्या दोन ओळींबद्दल आभारी आहे. तिसरी तू तुझ्याजवळ ठेव. वय झालंय तर मुकादमाला सांग, तो मला अजून वरच्या फळीवर गठ्ठे चढवायला लावतो.

कोपरं पुढे घेतली. मनगटं सरळ केली, बार तळहाताच्या उशीवर येईल असा धरला. पूर्वी तो बोटांत लोंबायचा, तेव्हा मनगट दुखायचं. श्वास पोटात भरून कोंडला. आणि खालचं अंग आवळलं. स्पष्टच लिहिते, ढुंगण आवळलं. तुझ्या बापाने जन्मभर पोरांना ते ओरडून सांगितलं, स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं आणि मी पातेली आपटायचे, म्हणजे शेजारणीला ऐकू जाऊ नये. आता मीच आरशापुढे स्वतःला तेच सांगते.

तीस आधी जड जायचं, आता हलकं जातं. साडेबत्तीस दोनदा गेलं. पस्तीस लावलं. कपाळापाशी थांबलं.

वायरमन येतो माझ्या पाठीशी उभा राहायला. तुला आठवत असेल, ह्यांचा सगळ्यात जुना चेला. आता पूर्ण टक्कल पडलंय, पण अजून आरशात केस विंचरल्यासारखा हात फिरवतो. तो म्हणतो, "काकू, ताकद कमी पडते. दूध प्या." मी म्हटलं, "तुझं किती वर्षं अडलंय?" म्हणाला, "माझं सत्तरला अडलंय, काकू. लग्नाच्या आधीपासून." "आणि दूध?" "रोज लिटरभर."

मी वाचनालयातून एक पुस्तक आणलंय, बारने व्यायाम कसा करावा त्याचं. ग्रंथपाल बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. "नातवासाठी का?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. कुठे समजावत बसू? तुला माहीत आहे, मी चौथीनंतर जे वाचायला शिकले ते कपडे बांधायच्या रद्दीवर. तेव्हापासून कागद दिसला की वाचते. हे पुस्तक मात्र दोनदा वाचलं तरी एक चित्र समजत नाही. त्यात लिहिलंय, बार सरळ वर जायला हवा, दोरीला वजन बांधून सोडल्यासारख्या रेषेत. बार चेहऱ्यासमोरून जाताना डोकं मागे घ्यायचं. बार कपाळ ओलांडतो न ओलांडतो तोच डोकं परत पुढे आणायचं, दोन हातांच्या मधल्या खिडकीतून बाहेर डोकावल्यासारखं. म्हणजे शेवटी बार कानांच्या वर, आणि कान पायांच्या वर.

माझं डोकं त्या खिडकीतून जातच नाही. बार माझ्या पुढे राहतो आणि मी मागे. तुझंही असंच व्हायचं का?

एवढं सांग. तिसऱ्या ओळीत जागा उरली तर तू कशी आहेस तेही लिही.

आई


१६ मार्च

पोरी,

या वेळी पान भरून लिहिलंस. वाचून आधी बरं वाटलं, मग राग आला. पान भरलंय ते सगळं माझ्या खांद्यांनी आणि कोपरांनी. तू काय खातेस, कुठल्या खोलीत राहतेस, कामावर कोण आहे, एक अक्षर नाही. दुकानाच्या मालाबद्दल व्यापाऱ्याला लिहावं तसं मला लिहितेस. असो. माल मिळाला.

तू सांगितलंस तसं केलं. रॅकच्या खुंट्या कपाळाच्या उंचीला लावल्या, बार त्यावर ठेवला आणि तिथून वरचा अर्धाच प्रेस केला. तू म्हणतेस जिथे अडतं तिथूनच ढकलायला शिकायचं, म्हणजे खालून आलेल्या झोकावर विसंबावं लागत नाही. अर्धं असूनही ते जास्त जड जातं, हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? दुसऱ्या दिवशी हलकं वजन घेऊन तिथेच मधे थांबायचं, श्वासभर, मग वर. तेही केलं. वायरमनने लोखंडी वायसर वजन करून तारेत ओवून दिले, म्हणजे अडीचची उडी न मारता थोडं थोडं वाढवता येतं. त्या वायसरांनी मी तेहतीसवर गेले. मग तेहतीस आणि वर एक वायसर. तो एक वायसर माझ्याने हलत नाही. बांगडीएवढं लोखंड, आणि मी त्याच्याखाली नंदीबैलासारखी मान डोलावत उभी.

आणि तू विचारतेस, "कुठे उभी राहून करतेस?"

कुठे म्हणजे? मागच्या खोलीत. त्या पावलांवर. ह्यांनी लाल ऑइलपेंटने काढलेली पावलं, ज्यांच्यावर तू उभी राहिलीस, वायरमन राहिला, या गल्लीतली निम्मी पोरं राहिली. रॅक भिंतीत पक्का केलाय, त्याच्यापासून पाऊलभर मागे यावंच लागतं, नाहीतर वजनं खांबाला घासतात. आणखी मागे जावं तर उंबरा. आणखी कुठे उभी राहणार, छपरावर? तीन आठवड्यांनी पत्र येतं आणि त्यात असला प्रश्न.

हे सांगायचे तेही सगळं करते. बार पुढे ठेव, मागे गेला की तू गेलीस. अजून कानात आहे तो आवाज. "पुढे! पुढे!"

माझी तब्येत ठणठणीत आहे. विचारलं नाहीस, तरी लिहिते.

आई


३ एप्रिल

पोरी,

वायरमनला मी घरात घेणार नव्हते, पण चहा पिऊन गेला. त्याने तुला फोन केला हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. चोराला टक्कल लपवता येत नाही.

बरं, पडला बार. छातीच्या वरच्या हाडावर आला, मग खुंट्यांवर. हाड मोडलं नाही. निळं झालं, मग हिरवं, आता पिवळं आहे. कामावर मी गळाबंद ब्लाउज घालून जाते. मी तुला लिहिलं नाही, कारण तू "वय झालंय" लिहिणार होतीस, आणि तू लिहिलंसच, या वेळी अधोरेखित करून.

तू म्हणतेस, "कशासाठी करतेस? बाबा तर गेले. आता कोणाला दाखवायचंय?"

तुला. आणखी कोण आहे?

मला राग येतो तो कोणावर, तेही नीट लिहिते. तुझ्यावर येतो, कारण एका वाक्यावरून तू घर सोडलंस. ह्यांच्यावर येतो, कारण ते वाक्य त्यांनी घरी येऊन, दार लावून बोललं असतं तर बाप-लेकीचं भांडण झालं असतं, पण लोकांसमोर बोलले. आणि बारवर येतो. तुम्ही दोघं निदान माणसं आहात. एक गेला, एक गेली. बार तिथेच आहे आणि तोही ऐकत नाही.

माझा मुद्दा साधा आहे. तुझं कपाळापाशी अडलं तेव्हा हे म्हणाले मन कच्चं. माझं तिथेच अडतं. वायरमनचं तिथेच. परवा मी त्याला बाकीच्या पोरांची नावं घेऊन विचारलं. तो बोटांवर मोजत म्हणाला, "त्याचं पण तिथेच, काकू. त्याचं पण. त्या बेकरीवाल्याचं तर हनुवटीवरून जे सुटायचं, वाटायचं छत फोडतो, आणि कपाळापाशी फुस्स." स्पर्धेत पंच हसून म्हणायचे म्हणे, "ही मास्तरांची पोरं, लांबून ओळखू येतात." ह्यांना त्यात कौतुक वाटायचं.

सगळ्या गल्लीचं मन एकाच जागी कच्चं असतं का?

डॉक्टरांनी थोडे दिवस थांबायला सांगितलंय. थांबलेय. मला थांबता येत नाही, हे आता कळतंय. संध्याकाळी हातांना काय सांगावं ते सुचत नाही.

आई


२२ एप्रिल

पोरी,

बसून वाच.

थांबायचे दिवस होते म्हणून मी म्हटलं, खोली तरी साफ करू. ट्यूबलाइट लुकलुकत होती, वायरमनला बोलावलं. तो स्टुलावर चढला, मी खाली स्टूल धरून उभी. छताला आडवा लोखंडी गर्डर आहे, त्याच्या बाजूला ट्यूब. तो म्हणाला, "काकू, इथे ठोके आहेत."

"कसले ठोके?"

"गर्डरच्या खालच्या कडेला. रंग उडालाय, पोचे आलेत. ओळीने."

मी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. ठोक्यांच्या बरोबर खाली ती लाल पावलं.

वायरमन हसायला लागला. "म्हणजे मास्तर सुरुवातीला ठोकत होते तर!" मग हसायचा थांबला.

हे किती उंच होते, तुला सांगायला नको. हात वर ताणले की बार गर्डरला लागायचा. रॅक हलवता येत नव्हता, मागे उंबरा. म्हणून त्यांनी काय केलं असेल? नाक ओलांडलं की बार वीतभर पुढे न्यायचा, गर्डर चुकवून वर घ्यायचा. रोज. वर्षानुवर्षं. हात लांब, अंगात बैलाची ताकद, म्हणून त्यांचं तसंही जायचं. शिकवायला कोणी नव्हतं, ते त्या खोलीत स्वतःच शिकले, आणि ती त्यांची पद्धत झाली. मग आम्हाला शिकवली. "पुढे! पुढे!"

मी झाडू आणला. पावलांवर उभी राहिले, झाडू डोक्यावर सरळ ताणला. गर्डर हातभर लांब. मी काय, माझ्यासारख्या दोघी एकमेकींच्या अंगावर चढल्या तरच लागेल.

मग वायरमन उभा राहिला. तो तुझ्याएवढाच. आठवतं ना, तुम्ही दोघं पाठीला पाठ लावून कोण उंच यावर भांडला होतात आणि मी डोक्यावर ताट ठेवून निकाल दिला होता, सारखेच? त्याने झाडू वर ताणला. गर्डर चार बोटं वरच राहिला. लागला नाही. त्याने चवड्यांवर उंच होऊन पाहिलं, तरी नाही.

तो तसाच झाडू धरून उभा राहिला. म्हणाला, "काकू, मग मी वीस वर्षं काय चुकवतोय?"

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम आलं, तसलं वाईट दिसतं. तो बिचारा टकलावरून हात फिरवत बसला.

पोरी, तुझ्या वाटेत तो गर्डर नव्हता. माझ्याही नाही. ज्याच्या वाटेत होता त्याने आम्हाला चुकवायला शिकवलं. वजन चेहऱ्यासमोरून एकदा पुढे गेलं की ते खांद्याच्या पुढे लोंबतं, मग खांदे कितीही दणकट असोत, कपाळापाशी ते जिंकतंच. पुस्तकातल्या चित्रात हेच होतं. माझं डोकं खिडकीतून जात नव्हतं, कारण मी खिडकीच बाहेर ढकलत होते.

मन कच्चं नव्हतं तुझं. हे मी ताट ठेवून सांगते.

आता वाईट बातमी. मला वाटलं होतं, चूक सापडली की वजन जाईल. कसलं काय! डॉक्टरांनी परवानगी दिली, बार नाकाजवळून सरळ वर नेला, कपाळ ओलांडताच डोकं पुढे आणलं, सगळं पुस्तकाबरहुकूम. तीस किलो गेलं, छान गेलं, अगदी अलगद. साडेबत्तीस लावलं तर हात आपोआप पुढे गेले. पुन्हा केलं, पुन्हा पुढे. हातांना गर्डर दिसतो. मी त्यांना ओरडून सांगते की नाहीये तिथे काही, ते माझं ऐकत नाहीत, मेलेल्या माणसाचं ऐकतात. आता मी रिकाम्या बारवर परत गेलेय. पहिल्या दिवसासारखी. इतका संताप मला कपडे फाटल्यावर मुकादम पगार कापतो तेव्हाही येत नाही.

तू एकदा रिकामा बार घेऊन बघ. नसेल तर झाडू घे. नाकाजवळून, सरळ. डोकं पुढे. बघ आणि मला लिही.

आई


१० मे

पोरी,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "बाबांना माहीत होतं का?"

तू झाडू घेऊन पाहिलंस की नाही, ते लिहिलं नाहीस. पण हा प्रश्न न बघता कोणी विचारत नाही.

मी आधी "नाही" असं लिहिलं. "त्यांना काय ठाऊक, बिचारे, ज्याने त्याने आपल्या अंगावरून जग ओळखायचं" वगैरे. चांगलं लिहिलं होतं. पाकीट बंद केलं, पत्ता घातला, चपला घातल्या. निघण्याआधी मागच्या खोलीचं दार लावायला गेले, आणि झाडू तिथे भिंतीला टेकलेला होता.

ती सकाळ मी तुला पहिल्याच पत्रात लिहिली आहे. चादरी, दूध, आणि हे झाडू डोक्यावर ताणून उभे. मी हसले होते की उगाच बुटके होऊन काय बघतात. पोरी, ते पावलांवर उभे होते. गुडघे वाकवून ते तुझ्याएवढे झाले होते. आणि वर बघत होते, की झाडू गर्डरला लागतो का.

लागला नसणार.

त्या दिवशी ते बाकड्यावर माझ्या ओल्या चादरीशेजारी बसून राहिले. चहा निवला. मी विचारलं, "छातीत दुखतंय का?" म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "तिचा पत्ता आहे का तुझ्याकडे?" मी म्हटलं, "आहे. कशाला?" "असाच." मी कागदाच्या तुकड्यावर लिहून दिला. त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला. मला वाटलं, राग निवळतोय, आता लिहितील. मी काही विचारलं नाही, विचारलं की उलटं करायचे, तुला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात शर्ट धुताना खिशातून कागदाचा लगदा निघाला. मी म्हटलं, "पत्ता भिजला, परत लिहून देऊ?" म्हणाले, "देशील सावकाश." त्यानंतर काही दिवसांत ते गेले.

मी हे कधीच जोडून पाहिलं नव्हतं. झाडू एकीकडे, पत्ता एकीकडे. परवा जोडलं गेलं.

तर हो. माहीत होतं. आधी नव्हतं, पण तू गेल्यावर त्यांनी शोधून काढलं. स्वतःच.

तुला हे सांगावं की नाही, यावर मी चपला घालून बराच वेळ उभी होते. "नाही" म्हटलं असतं तर तुला ते नुसते अडाणी वाटले असते. "हो" म्हटलं की तू विचारणार, मग कळवलं का नाही? नव्वद किलो डोक्यावर नेणारा माणूस, त्याला एक पोस्टकार्ड उचलवलं नाही. मन कच्चं कोणाचं होतं, ते आता तूच ठरव. मी त्यांच्यावर इतकी चिडले की फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग संध्याकाळी परत सरळ केला. भिंतीकडे बघून तरी ते काय करणार?

पस्तीस अजून गेलेलं नाही. साडेबत्तीस मात्र सरळ जायला लागलंय, एकदा नाही, तीनदा. डोकं खिडकीतून बाहेर येतं तेव्हा समोर रस्ता दिसतो, हे मला माहीतच नव्हतं. पस्तीस मी तुझ्यासमोर उचलणार आहे. तू चुका काढायच्यास, दूध प्या सोडून काहीही म्हणायचंस. आणि मग साडेबावन्न तू. यायचं की नाही, हे मी आता विचारत नाही. रॅक मोकळा ठेवते.

हे सगळं कळलं तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी तारेचा ब्रश आणि रंग उतरवायचं द्रावण आणलं. वायरमन दारात येऊन म्हणाला, "काकू, अहो, मास्तरांची पावलं आहेत ती." मी म्हटलं, "म्हणूनच." मग मी गुडघ्यांवर बसले आणि ती घासून काढली.

आई